मशीन ट्रिप झाल्यावर बोगद्यातलं पाणी कुठे जातं? जलविद्युत केंद्रातला दाब काबूत ठेवण्याची पायरीपायरीनं पद्धत

ब्रेकर उघडतो, मशीन ग्रिडपासून तुटतं (हीच ट्रिप), त्याचा आवाज एकदम चढतो, टर्बाइनला पाणी सोडणाऱ्या झडपा, म्हणजे गाइड व्हेन, मिटायला लागतात आणि आठ-दहा सेकंदांत पॉवरहाऊसमधली धावपळ संपते. नवीन माणसाला वाटतं, झालं. पण बोगद्याच्या टोकाला असलेल्या उभ्या विहिरीच्या, म्हणजे सर्ज शाफ्टच्या, तोंडाशी उभं राहून ज्यानं एकदा तरी ट्रिप बघितली आहे, त्याला माहीत असतं की तिथली गोष्ट आता कुठे सुरू होतेय. आधी जाळीतून थंड, दमट हवा वर येते. मग खाली बॅटरीच्या उजेडात काळं पाणी चढताना दिसतं. त्याला काहीच घाई नसते. सव्वा मिनिटानं ते थांबतं, क्षणभर स्थिर वाटतं आणि उतरायला लागतं. तासाभरानंही त्याची हलकी वर-खाली चालूच असते.

या लेखात दाबाचा हिशोब कसा मांडायचा, तो कुठे मोडायचा आणि केंद्र चालू झाल्यावर काय सांभाळायचं ते क्रमानं सांगतो. एक काल्पनिक केंद्र शेवटपर्यंत सोबत ठेवू. जलाशयातून पाणी आणणारा हेडरेस बोगदा ६,००० मीटर लांब, ४ मीटर व्यासाचा. त्यापुढे टर्बाइनपर्यंत जाणारा ६०० मीटरचा, २.६ मीटर व्यासाचा पोलादी पाइप, म्हणजे पेनस्टॉक. प्रवाह सेकंदाला २५ घनमीटर, हेड, म्हणजे पाणी पडण्याची उंची, ३०० मीटर. साधारण ६६ मेगावॅटचं मशीन झालं. बोगद्यातला वेग जेमतेम २ मीटर प्रतिसेकंद, पेनस्टॉकमधला ४.७.

बोगद्यातला वेग ऐकून कुणी दचकत नाही, माणूस याहून जोरात पळतो. पण त्या बोगद्यात ७५ हजार टन पाणी आहे. पंधरा-वीस भरलेल्या मालगाड्या एकामागे एक जोडून चालल्या आहेत असं समजा, आणि आपल्याला त्या पुढून थांबवायच्या आहेत.

पहिली पायरी: दोन दाब वेगळे ओळखा

सगळा गोंधळ इथेच होतो. ‘सर्ज’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो.

पहिली गोष्ट म्हणजे वॉटर हॅमर, जलाघात. पुढचं पाणी अडलं की मागचं त्यावर आदळतं, पाणी किंचित दबतं, पाइप किंचित फुगतो आणि दाबाची लाट उलट दिशेनं धावत सुटते. पोलादी पेनस्टॉकमध्ये तिचा वेग सेकंदाला १,००० ते १,२०० मीटरच्या आसपास असतो. हा सगळा खेळ सेकंदांचा.

दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याच्या अख्ख्या साठ्याचं हेलकावणं. जलाशय आणि सर्ज शाफ्ट या दोन भांड्यांना बोगद्यानं जोडलंय, आणि त्यातलं पाणी लंबकासारखं इकडून तिकडे जातं. हा खेळ मिनिटांचा. यात पाणी दबत नाही, पाइप फुगत नाही, फक्त पातळी चढते-उतरते.

पहिल्यावर इलाज म्हणजे झडप मिटण्याचा वेळ आणि आखूड पेनस्टॉक. दुसऱ्यावर इलाज म्हणजे शाफ्टचा आकार आणि ऑपरेटरचा संयम. शाफ्ट मोठा केला म्हणून पेनस्टॉकमधला जलाघात कमी होत नाही. ही चूक मी चांगल्या जाणत्या लोकांनाही करताना पाहिली आहे.

दुसरी पायरी: कागदावर तीन आकडे काढा

संगणकाला हात लावण्याआधी हे तीन आकडे हातानं काढा. नंतर प्रोग्रॅमनं काहीतरी भलतंच सांगितलं तर ते पकडता येतं.

पहिला आकडा: झडप क्षणात मिटली तर काय होईल? मॉस्कोच्या पाणीपुरवठा वाहिन्यांवर १८९७च्या सुमारास प्रयोग करून रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्कीनं मांडलेलं सूत्र आजही तसंच वापरात आहे: दाबवाढ (पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्ये) = लाटेचा वेग × पाण्याच्या वेगातला बदल ÷ ९.८१. लाटेचा वेग १,२०० धरला तर पाण्याचा वेग १ मीटरनं तुटला की दाब १२२ मीटरनं वाढतो. आपल्या पेनस्टॉकमध्ये ४.७ मीटरचा वेग एकदम तुटला तर वाढ सुमारे ५७५ मीटर. मूळ हेड ३००, त्यावर ५७५. असा पेनस्टॉक कुणी बांधत नाही.

दुसरा आकडा: ‘क्षणात’ म्हणजे किती? लाट मागे जाऊन परत यायला लागणारा वेळ, म्हणजे लांबीची दुप्पट भागिले लाटेचा वेग. ६०० मीटरला १ सेकंद. त्याहून कमी वेळात मिटवलेली झडप म्हणजे क्षणात मिटवलेलीच, पूर्ण ५७५ मीटर भोगावे लागणार. लाट सर्ज शाफ्टच्या मोकळ्या पाण्यावरून उलटी होऊन परत येते, तेव्हा ती दाब कमी करते. म्हणून मिटायला जितका जास्त वेळ, तितक्या जास्त परतणाऱ्या लाटा मदतीला येतात.

तिसरा आकडा: पाण्याला वेग घ्यायला लागणारा वेळ, म्हणजे वॉटर स्टार्टिंग टाइम. प्रत्येक भागाची लांबी गुणिले तिथला वेग, त्यांची बेरीज, भागिले ९.८१ गुणिले हेड. सर्ज शाफ्ट नसेल तर बोगदा आणि पेनस्टॉक मिळून आपल्याला ५ सेकंद मिळतात. शाफ्ट घातला तर फक्त पेनस्टॉक मोजायचा, मग १ सेकंदापेक्षा किंचित कमी. हा आकडा अडीच-तीन सेकंदांच्या वर गेला की व्हेन उघड-मीट करून गती सांभाळणाऱ्या गव्हर्नरला फ्रिक्वेन्सी सांभाळणं जड जातं: व्हेन उघडल्या की पाणी वेग घेईपर्यंत मशीनची शक्ती आधी कमीच होते आणि गव्हर्नर गोंधळतो. म्हणजे आपल्या केंद्राला शाफ्ट हवाच. लांबी भागिले हेड पाचाच्या वर गेलं की शाफ्टचा विचार करा, असा एक जुना ठोकताळाही आहे. आपलं उत्तर २२ येतं, तिथे वाद नाही.

तिसरी पायरी: मिटण्याचा वेळ ठरवा

ही खरी रस्सीखेच. दाब म्हणतो सावकाश मिटव. मशीन म्हणतं लवकर मिटव, कारण लोड, म्हणजे मशीनवरचा विजेचा भार, गेल्यावर पाणी येत राहिलं की ते पळत सुटतं.

आपल्या केंद्रात ८ सेकंद धरून बघू. पेनस्टॉकची लांबी × वेग ÷ (९.८१ × ८) = ३६ मीटर, म्हणजे हेडच्या १२ टक्के. एकसारख्या वेगानं मिटणाऱ्या झडपेसाठी जलाघाताच्या अलिएव्हीच्या सूत्रानं ते ३८ मीटरपर्यंत जातं. पेनस्टॉकला हे सहज झेपतं. आता मशीन. फिरणाऱ्या भागांचा यांत्रिक स्टार्टिंग टाइमही (पूर्ण ताकदीनं शून्यापासून पूर्ण गतीला यायचा वेळ) ८ सेकंद असेल तर ढोबळ हिशोबानं गती ४१ टक्क्यांनी वाढेल, दाबवाढीमुळे प्रत्यक्षात त्याहून थोडी जास्त. जनरेटरवाल्यानं ५० टक्क्यांपर्यंत चालेल असं लिहून दिलं असेल तर जमलं. नसेल तर एक तर जड रोटर मागवा, एक तर पेनस्टॉक रुंद करा. दोन्हीला पैसा लागतो, आणि ही चर्चा टेंडर निघण्याआधी झालेली बरी.

जुळत नसेल तर वाटा आहेत. पाण्याचा झोत चाकावर मारणाऱ्या पेल्टन मशीनचं नशीब चांगलं: डिफ्लेक्टर एक-दोन सेकंदांत जेट, म्हणजे तो झोत, बाजूला वळवतो, गती आटोक्यात येते, आणि झोत बंद करणारी नीडल मागाहून तीसेक सेकंद घेत आरामात मिटते. गाइड व्हेनवर चालणाऱ्या फ्रान्सिस टर्बाइनला हे सुख नाही. तिथे प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह लावतात. व्हेन मिटतात तसा तो उघडतो आणि नंतर हळूहळू मिटतो. हा व्हॉल्व्ह अडकला तर गव्हर्नरनं आपोआप सावकाश मिटण्यावर जायला हवं. ते इंटरलॉक, म्हणजे आपोआप अडवणारी सोय, नसेल तर व्हॉल्व्ह म्हणजे शोभेची वस्तू.

तिसरी वाट दोन टप्प्यांत मिटण्याची: आधी जलद, शेवटच्या दहा-पंधरा टक्क्यांत संथ. बहुतेक गव्हर्नरमध्ये ही सोय असते.

एक सावधगिरी. जास्त हेडची, कमी विशिष्ट गतीची फ्रान्सिस मशीन पळायला लागली की रनर, म्हणजे टर्बाइनचं फिरणारं चाक, स्वतःच पाणी अडवतो. व्हेन अजून उघड्या असतात आणि प्रवाह तुटायला लागलेला असतो. तिथे वरचा साधा हिशोब दाब कमी दाखवतो. उत्पादकाच्या मॉडेल टेस्टमधले वक्र घेऊन, मेथड ऑफ कॅरेक्टरिस्टिक्स या गणिती पद्धतीनं संगणकावरच ते काढावं लागतं. पंप म्हणूनही चालणाऱ्या पंप-टर्बाइनमध्ये हा प्रकार आणखी वाईट.

चौथी पायरी: सर्ज शाफ्टचा आकार

१९१० मध्ये जर्मन अभियंता डीटर थोमानं दाखवलं की शाफ्टचं क्षेत्रफळ एका मर्यादेपेक्षा कमी असेल तर पातळीचं हेलकावणं विझण्याऐवजी वाढत जातं. कारण मजेशीर आहे. पातळी उतरली की हेड कमी होतं. गव्हर्नर म्हणतो, मला तेवढीच शक्ती हवी, म्हणून तो व्हेन जास्त उघडतो. जास्त पाणी गेलं की पातळी आणखी उतरते. म्हणजे गव्हर्नर भाबडेपणानं झोपाळ्याला चुकीच्या वेळी ढकलत राहतो. त्याला आवरणारं एकच, बोगद्यातलं घर्षण.

थोमाची किमान मर्यादा अशी: बोगद्याची लांबी × बोगद्याचं क्षेत्रफळ ÷ (२ × ९.८१ × घर्षणाचा गुणांक × निव्वळ हेड). गुणांक म्हणजे बोगद्यातलं हेडचं नुकसान भागिले वेगाचा वर्ग. आपल्या बोगद्यात नुकसान ५ मीटर धरलं तर मर्यादा येते साडेदहा चौरस मीटर, दीडपट केली तर जवळपास १६. साडेचार मीटर व्यासाची विहीर. इतकी स्वस्तात सुटका?

थांबा. त्या बारीक विहिरीत पाणी किती चढेल ते बघा. घर्षण सोडून कमाल चढ = बोगद्यातला वेग × वर्गमूळ (लांबी × बोगद्याचं क्षेत्रफळ ÷ ९.८१ ÷ शाफ्टचं क्षेत्रफळ). उत्तर ४४ मीटर. तेवढंच खाली उतरू द्यायचं तर विहीर ८०-९० मीटर खोल, आणि खालच्या टोकाला पेनस्टॉकचं तोंड उघडं पडायची भीती. शाफ्ट ८ मीटर व्यासाचा, ५० चौरस मीटरचा केला तर चढ २५ मीटरवर येतो, घर्षण धरून साडेएकवीस, आणि परतीचा उतार १७ च्या जवळपास. आवर्तनाचा काळ ३१० सेकंद. सुरुवातीला मी सांगितलं ते सव्वा मिनिट म्हणजे याचाच पाव हिस्सा.

थोमा फक्त स्थैर्य सांगतो, उंची नाही. जास्त हेडच्या केंद्रात त्याची मर्यादा इतकी लहान येते की शाफ्टचा आकार चढ-उतारच ठरवतो. कमी हेडला उलट: मर्यादा हेडच्या व्यस्त प्रमाणात वाढते आणि तिथे थोमाच खर्च ठरवतो. एक बारकावा राहिला. चढ काढताना बोगदा गुळगुळीत धरा, नव्या लोडनं येणाऱ्या उताराचा हिशोब करताना खडबडीत. थोमासाठी पुन्हा गुळगुळीत. एकच घर्षण सगळीकडे वापरलं की कुठे तरी स्वतःची फसवणूक होतेच.

शाफ्टच्या तळाशी अरुंद तोंड ठेवलं, म्हणजे थ्रॉटल, तर ये-जा करताना ऊर्जा जिरते आणि हेलकावे लवकर विझतात. फार अरुंद केलं तर मात्र जलाघाताची लाट शाफ्टमध्ये न वळता बोगद्यात शिरते. ट्रिपच्या पहिल्या क्षणी थ्रॉटलखालचा दाब साधारण पाण्याच्या सर्वोच्च पातळीइतका व्हावा, हा चांगला समतोल. जागेची अडचण असेल तर वर आणि खाली आडव्या चेंबर काढतात. डोंगर अनुकूल नसेल तर हवेच्या गादीचा बंद शाफ्ट असतो: खडकात पोकळी, तिच्यात दाबलेली हवा. नॉर्वेत द्रिव्हा केंद्रात १९७३ मध्ये तो पहिल्यांदा वापरला. हवा भेगांतून निसटते, म्हणून कॉम्प्रेसर कायमचा मागे लागतो. काही ठिकाणी पोकळीभोवती दाबाच्या पाण्याचा पडदाही करावा लागला.

टर्बाइनमधून सुटलेलं पाणी बाहेर नेणारा अवजल बोगदा लांब असेल तर त्यालाही शाफ्ट लागतो. तिथे भीती दाब चढण्याची नाही, पडण्याची: व्हेन मिटल्या की रनरखालचं पाणी पुढे निघून जायला बघतं.

पाचवी पायरी: दुसऱ्या चुकीचा हिशोब करा

एकटी ट्रिप केंद्राला सहसा घात करत नाही. घात करते ती पहिल्या घटनेच्या हेलकाव्यात चुकीच्या क्षणी घडलेली दुसरी.

आपल्याच केंद्रात बघा. शून्य सेकंदाला ट्रिप. ८० सेकंदांना शाफ्टमध्ये पाणी सर्वांत वर. १५५ सेकंदांच्या सुमारास पातळी मध्यावर आलेली असते, आणि बोगद्यातलं पाणी उलटं, जलाशयाकडे, सर्वाधिक वेगानं चाललेलं असतं. नेमक्या याच वेळी, अडीच मिनिटांनी, ऑपरेटरला वाटतं, दोष निवळला, मशीन घ्या. मशीन शाफ्टमधून पाणी ओढतं, बोगदा मागे ओढतो, आणि पातळी कुठल्याही एकट्या घटनेत जाणार नाही इतकी खाली जाते. तोंड उघडं पडलं तर हवा पेनस्टॉकमध्ये.

डिझाइनमध्ये म्हणून निदान हे तपासा: जलाशय पूर्ण भरलेला असताना पूर्ण लोडची ट्रिप. जलाशय किमान पातळीवर असताना अर्ध्यावरून पूर्ण लोड घेणं. लोड घेतल्यावर बोगद्यातला प्रवाह सर्वांत जास्त असताना ट्रिप. ट्रिपनंतर सर्वांत वाईट क्षणी पुन्हा लोड. ऑपरेशनमध्ये शाफ्टच्या पातळीवर इंटरलॉक ठेवा: हेलकावा ठरलेल्या पट्ट्यात येईपर्यंत लोड नाही. आपल्यासारख्या केंद्रात हे पंधरा-वीस मिनिटांचं थांबणं आहे. ग्रिड सांभाळणाऱ्या लोड डिस्पॅचचा फोन कितीही तापला तरी.

सहावी पायरी: दाब पडण्याचीही भीती धरा

दाबवाढीच्या मागोमाग दाबघट येतेच. जपानच्या ओइगावा केंद्रात १९५० मध्ये देखभालीच्या वेळी नियंत्रणाचं तेल निघून गेल्यानं व्हॉल्व्ह अतिवेगानं मिटला. दाबाच्या लाटेनं पेनस्टॉक फाटला. फाटीतून पाणी सुटल्यावर कमी दाबाची लाट वर गेली, आत पोकळी झाली आणि वरच्या बाजूचा पाइप बाहेरच्या हवेच्या दाबानं चिरडला गेला. तीन माणसं गेली. पातळ पोलादाचा पाइप आतून शंभर मीटर दाब झेलतो, पण बाहेरून दहा मीटरनंही चेपू शकतो.

म्हणून पेनस्टॉकच्या रेषेचा प्रत्येक उंचवटा न्यूनतम दाबाच्या रेषेखाली आहे ना ते आलेखावर बघा. वरच्या गेट किंवा बटरफ्लाय व्हॉल्व्हच्या लगेच खाली एअर व्हॉल्व्ह हवा, तोही पुरेसा मोठा, आणि गंजून चिकटलेला नसावा. वर्षातून एकदा तो हातानं उचलून बघा.

सातवी पायरी: भरणं आणि रिकामं करणं

पाणी भरताना घाई नको. गेट किंचित उघडून किंवा बायपासनं, डिझायनरनं दिलेल्या वेगानं, बहुधा ताशी दहा मीटर चढाच्या आसपास. मध्ये टप्प्याटप्प्यानं थांबून गळती मोजा. कोंडलेली हवा एकदम सुटली तर शाफ्टमधून पाण्याचा फवारा वर येतो, आणि त्या वेळी जाळीवर कुणी उभं नसावं. रिकामं करताना तर आणखी सावकाश: खडकातलं पाणी बाहेरून अस्तरावर दाबत असतं, आतला दाब झपकन काढला तर पोलादी अस्तर आत फुगवटा धरतं.

आठवी पायरी: चाचणी, आणि एका भोकाची गोष्ट

पाणी सोडण्याआधी स्टॉपवॉच घेऊन कोरडी चाचणी करा. एका केंद्रात ओव्हरहॉलनंतर आम्ही ती करत होतो. व्हेन आठ सेकंदांत मिटायला हव्या होत्या, साडेपाचला मिटल्या. पुन्हा घेतली, तेच. वायरिंग बघितलं, सेटिंग बघितलं. शेवटी व्हेन हलवणाऱ्या सर्व्होमोटरच्या तेलवाहिनीतली ऑरिफिस प्लेट, म्हणजे तेलाचा वेग ठरवणारी भोकाची चकती, काढली, तेव्हा एका फिटरनं सहज सांगितलं की भोकात कचरा होता म्हणून त्यानं ते ड्रिलनं साफ केलं. १० मिलिमीटरच्या भोकाला १२ चं ड्रिल. क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढलं, वेळ तेवढ्याच पटीत कमी झाला. आपल्या उदाहरणात बसवलं तर दाबवाढ ३८ वरून ५६ मीटर होते. कुठलाही अलार्म वाजला नसता, कारण स्क्रीनवर भोकाचा व्यास दिसत नाही.

पाणी सोडल्यावर ट्रिप २५, ५०, ७५ आणि मग १०० टक्के लोडवर. प्रत्येकीनंतर मोजलेला दाब आणि गती हिशोबाच्या रेषेवर मांडा. ७५ चा बिंदू वर सरकलेला दिसला तर १०० ला जाऊ नका, आधी कारण शोधा. नोंद स्काडाच्या, म्हणजे नियंत्रणाच्या संगणकाच्या, एका सेकंदाच्या आकड्यांवर घेऊ नका, दाबाचं टोक दोन नोंदींच्या मध्ये सहज निसटतं. सेकंदाला निदान शे-दोनशे नोंदी घेणारा रेकॉर्डर लावा, आणि दाब मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरच्या नळीतली हवा काढून टाका. एक बुडबुडा आलेखाचं टोक गोल करून टाकतो आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. शाफ्टमधली पातळी मात्र अर्धा तास तरी नोंदवत राहा.

त्या केंद्रात नंतर नवी ऑरिफिस प्लेट बसवली, बोल्टवर लाल रंगाची रेघ मारली आणि तिच्याशेजारी पत्र्यावर कोरलं: १० मिमी, ड्रिल लावू नये. ओव्हरहॉलच्या चेकलिस्टमध्ये मिटण्याच्या वेळेसमोर सहीची एक रिकामी चौकट वाढली.